पाचापैकी पाच

जिने जन्मात कुणाशी जुळवून घेतलं नाही, ती पस्तिशी उलटल्यावर जुळवून घेण्याचं शास्त्र शिकायला गेली. ही माझी धाकटी बहीण. अभ्यासक्रमाचं नाव हवामान बदल आणि अनुकूलन. पदवीनंतरचा, दोन वर्षांचा. अनुकूलन म्हणजे काय हे मला तिनेच समजावून सांगितलं: ऊन वाढणार, पाणी वाढणार, तर माणसांनी आणि शहरांनी त्याच्याशी कसं जुळवून घ्यायचं, ते. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि अशी हसले की काउंटरवरचं गिऱ्हाईक पावती न घेताच गेलं.

हसू नको तर काय करू? ही बाई स्वतःची उशी बरोबर नसेल तर परक्या घरी पाठ टेकत नाही. चहावर साय दिसली की कप सरकवते. विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडली, कारण काय, तर खिडकीजवळचं टेबल दुसरीला दिलं. लग्नाचंही तसंच. नवऱ्याला पंख्याशिवाय झोप येत नव्हती, हिला पंख्याखाली झोप येत नव्हती. भांडण एवढ्यावरूनच झालं असं मी म्हणत नाही, पण मला तिने सांगितलं ते एवढंच. दोन बॅगा घेऊन परत आली, पोटमाळ्यावरची खोली ताब्यात घेतली आणि माझी गरम कपड्यांची पेटी जिन्यात आणून ठेवली. घरात आम्ही तिला पंडिता म्हणतो. तोंडावर म्हणतो, मागून बोलायची आमच्यात पद्धत नाही.

घर म्हणजे खाली माझी लाँड्री, तिच्यामागे आईची खोली आणि स्वयंपाकघर, वर पोटमाळा. आमची गल्ली कालव्यापेक्षा खाली आहे. बांधली तेव्हा कालव्याला एवढं पाणी नसायचं म्हणतात. बांधणारे नेहमी असंच म्हणतात. आता कालवा भरला की गटारातून पाणी उलटं वर येतं आणि गल्लीभर पसरतं. म्हणून गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये नगरपालिकेचा पंप बसवलाय. तो पाणी ओढतो आणि बांधापलीकडे फेकतो. चालू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात, धुराचा वास धुतलेल्या कपड्यांना लागतो आणि सगळी गल्ली त्याला शिव्या घालते. पण तो आहे म्हणून आम्ही आहोत. तो नसेल तर माझ्या यंत्रांत पाणी, लोकांच्या कपड्यांत पाणी आणि आईच्या पलंगाखाली पाणी.

आईचे गुडघे गेलेत. ती काउंटरमागे खुर्चीवर बसते, कॉलरींना नंबराच्या चिठ्ठ्या टाचते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खबर घेते. तिचा जन्मभराचा मंत्र एकच, "जमतंय की." आम्ही लहान असताना बाबा गेले, लोक भेटायला आले, कसं होणार म्हणाले, तर ही म्हणाली, जमतंय की. वाफेने हात भाजला, जमतंय की. गुडघ्यांनी दगा दिला, तरी जमतंय की. उत्तर ठरलेलंच, म्हणून आम्ही विचारायचंच सोडून दिलं.

तर पंडिता कॉलेजात जायला लागली. उकाड्याशी कसं जुळवून घ्यावं यावरचं व्याख्यान म्हणे एसी लावून व्हायचं, आणि एसी कुणालाच कमी करता येत नसल्यामुळे सगळे स्वेटर घालून ऐकायचे. हिचा स्वेटर मीच धुवायचे, म्हणून मला ठाऊक. पुराचा एक खेळ खेळायचे. जाड पुठ्ठ्यावर शहर, रंगीत सोंगट्या म्हणजे माणसं, फासा पडला की पूर. त्यात पंडिता पहिली आली. सगळ्या सखल वस्त्या तिने वेळेत हलवल्या.

"कुठे हलवल्यास?" मी विचारलं.

"बोर्डाच्या बाहेर," ती म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिच्या गाईडला आम्ही छत्रीवाले सर म्हणायचो. घडी घातलेली लांब छत्री कायम बगलेत. एकदा भर पावसात ते आमच्या दुकानात आले, नखशिखांत भिजलेले, आणि छत्री तश्शीच बगलेत, घडी मोडलेली नाही. मी टॉवेल दिला. हा माणूस हवामानाशी जुळवून घ्यायला शिकवणार! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

पहिल्याच वर्षी पंप दुरुस्तीला काढला होता आणि नेमकं तेव्हाच दुपारचं पाणी आलं. मी हॉटेलच्या चादरी पोचवायला गेले होते. पंडिता वर पोटमाळ्यावर, कानात हेडफोन घालून, परदेशातल्या कुणा मोठ्या विद्वानाचं व्याख्यान ऐकत होती. विषय काय? पूर. वर पुराचं व्याख्यान आणि खाली पूर! ती चहासाठी खाली उतरली तेव्हा शेवटची पायरी तिला दिसेना. आई इस्त्रीच्या टेबलावर बसली होती, पाय वर घेऊन, डॉक्टरांच्या धुतलेल्या कोटांचा गठ्ठा मांडीवर. मी कमरेपर्यंत भिजून आले तेव्हा या दोघी अशा. मी पंडितेला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आई मात्र हसून म्हणाली, "कशाला आरडाओरडा करतेस? जमलं की मला. चढले मी वर." आवाज बसला होता तिचा. दमट हवेने, म्हणाली. पुढे आठवडाभर खोकत होती.

पंडितेने काय केलं माहीत आहे? टेबलाचा फोटो काढला. तो तिच्या प्रबंधात आहे. खाली ओळ आहे, ज्येष्ठ महिलेने स्वयंस्फूर्तीने उंचावर आश्रय घेतला. छत्रीवाल्या सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी म्हणे वर्गात पडद्यावर दाखवलं.

प्रबंधासाठी तिला एक वस्ती लागत होती. दूर जायचं म्हणजे परक्या उशा, म्हणून तिने आपलीच गल्ली घेतली. घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे. पाणी आल्यास तुम्ही सामान हलवू शकता का? आजारी माणसाला वर नेऊ शकता का? दोन दिवस बाहेर न पडता राहू शकता का? प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच आकडे. अजिबात जमत नसेल तर एक, अगदी छान जमत असेल तर पाच.

आता इथे आमच्या मातोश्री शिरल्या. पोरगी कागद घेऊन घरोघर जाणार, लोक आकडे देणार, ते आकडे सर बघणार आणि त्यावर ही पास की नापास ठरणार, एवढं तिला वरवर कळलं होतं. त्यातून तिने स्वतःचा अर्थ काढला. आकडे म्हणजे मार्क. दुसरं काय असणार? शाळेत तेच असतात. मग काय, कपडे टाकायला येईल त्याला ही खुर्चीवरून बजावायला लागली. "माझी पोर येईल हो पुढच्या आठवड्यात. हात आखडू नका. एकटी राहिली बिचारी, एवढी पदवी मिळाली तर पायावर उभी राहील." गल्लीतल्या कुणाला कपडे धुवायचे नसतात? आठवड्याभरात सगळ्या गल्लीला निरोप पोचला.

आणि गल्लीने हात आखडला नाही. बेकरीवाल्याने प्रश्न वाचूनही घेतला नाही. "पाच, पाच, पाच, सगळीकडे पाच टाक, ताई, आणि पेढी उघडलीस की आम्हाला विसरू नको." कसली पेढी, देव जाणे. कुलूपवाल्याच्या बायकोने आधी पाच सांगितले, मग विचारलं, याच्या वर नाहीये का काही? सगळ्यात कमाल मास्तरांची. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर. यांनी नोकरीभर कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते, त्याचा त्यांना अभिमान होता. ते म्हणाले, "साडेचार." पंडिता म्हणाली, मास्तर, पूर्ण आकडाच लागतो. मास्तर बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "ठीक आहे, पाच. पण अक्षर सुधार."

दुसऱ्या कुणाला तिथेच संशय आला असता. पंडितेने सूचना या रकान्यात ते लिहून घेतलं. प्रबंधात त्याचं झालंय, धोक्याच्या पाट्यांवरील अक्षरे सुवाच्य असावीत अशी नागरिकांची अपेक्षा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

मी काय दिले ते सांगते. त्याच सकाळी तिने आपला नकाशा माझ्या धुतलेल्या ढिगावर पसरला होता आणि तिचं पेन डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर गळलं होतं. मी लिंबू चोळतेय, साबण चोळतेय, डाग हटत नाही, आणि ही समोर कागद घेऊन उभी. "ताई, पाणी आल्यास तुम्ही..." मला अहोजाहो करत होती, कारण प्रश्नावलीत तसं छापलेलं!

"एक," मी म्हटलं.

"प्रश्न तर ऐक."

"सगळ्यांना एक. तोही आईकडे बघून देतेय."

म्हणजे मीही आईचंच धरून चालले होते, की हे हिचे मार्क. पंडितेने ओठ आवळून एक-एक लिहिले आणि जिना चढून गेली.

निकाल आला तेव्हा छत्रीवाले सर नाचायचेच बाकी होते. इतकी एकमुखी, इतकी स्वावलंबी वस्ती त्यांनी कधी पाहिली नव्हती म्हणे. सगळ्यांचे पाच, फक्त एका घराचे एक. ते घर कुणाचं? बहिणीचं. मग ते काढून टाका, सर म्हणाले, नातलगांच्या उत्तरात रागलोभ असतो. काढून टाकलं. प्रबंधाला बक्षीस मिळालं, आमच्या गल्लीला स्वयंपूर्ण गल्ली असं नाव मिळालं, पेपरात पंडितेचा फोटो आला. आईने तो कापून काउंटरच्या काचेखाली ठेवला. येईल त्याला दाखवायची. गल्लीतला प्रत्येक जण तो फोटो असा बघायचा की जणू प्रबंध त्यानेच लिहिलाय. वर नगरपालिकेत अनुकूलन अधिकारी म्हणून नोकरी जवळजवळ ठरली. पदवी हातात पडली की झालं. पंडितेच्या चालण्यात फरक पडला. मला म्हणाली, "आता तरी मान्य कर."

मी म्हटलं, "डॉक्टरांचा डाग अजून गेला नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दोन माणसं आली आणि पंपाच्या शेडची मापं घ्यायला लागली. मी विचारलं, मोठा पंप बसवताय का? त्यातला एक हसला. "काढतोय, बाई. कालव्यापलीकडे जाणार. तिकडच्या टॉवरांना गरज जास्त आहे. तुमची गल्ली काय, स्वयंपूर्ण."

टॉवरांना! तिकडे माणसं वरच्या मजल्यांवर राहतात, बुडतात त्या तळघरातल्या गाड्या. पण त्यांच्याकडे दुसरा विद्यार्थी कागद घेऊन गेला होता आणि त्यांनी सगळ्याला एक दिले होते. आम्हाला काही जमत नाही, आम्ही फार हाल सोसतो. ज्याला रडता येतं त्याला पंप. आणि आमची गल्ली, झाकली मूठ सव्वा लाखाची, बसली पाच वाटत.

मी दुकान तसंच टाकून पोटमाळ्यावर गेले आणि पंडितेला दंडाला धरून खाली आणलं. "काय लिहिलंयस तू आमच्याबद्दल?"

"लोकांनी सांगितलं तेच. सगळ्यांनी पाच दिले."

"मग!" आई खुर्चीवरून कौतुकाने म्हणाली. "देतील नाही तर काय. प्रत्येकाला बजावलं होतं मी, पोरीला मार्क द्यायला हात आखडू नका म्हणून."

पंडिता बघतच राहिली. "मार्क? मला?"

"म्हणजे? तुझेच ना ते?"

पंडितेच्या तोंडावरचा रंग मी उतरताना पाहिला. आईला काहीतरी चुकलंय एवढं कळलं, काय ते कळेना, आणि ती एका शर्टाला दोन-दोन चिठ्ठ्या टाचत बसली. मला हसू येत होतं आणि कुणाच्या तरी मुस्कटात मारावीशी वाटत होती. कुणाच्या ते ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंडिता छत्रीवाल्या सरांकडे गेली. सगळं सांगितलं. सर म्हणाले, प्रबंध आता छापलाय, बक्षीस मिळालंय, आता कसलं चुकलं? आणि लोक अभ्यासकावर इतका जीव टाकतात, हीसुद्धा एक प्रकारची क्षमताच नाही का? तिने त्याच्यावर पुढचा लेख लिहावा. ती परत आली तेव्हा जिन्यात माझ्या त्या पेटीवर बसली. न जेवता.

"गप्प राहिलीस तर पदवी मिळेल, नोकरी मिळेल," मी म्हटलं. "बोललीस तर दोन्ही जाईल. एवढंच आहे ना?"

"आणि पंप?"

"ते मला काय विचारतेस? पंडिता तू."

मी तिला सोपं करून द्यायला बसले नव्हते. तिने आमचं घर बुडवायला काढलं होतं, विचार तिने करायचा.

हरकती ऐकायला नगरपालिकेत बैठक होती. निम्मी गल्ली आली होती, धुतलेले कपडे घालून, मीच इस्त्री केलेले. आईला आम्ही खुर्चीसकट नेलं. पाणी खात्याचे साहेब मध्ये, बाजूला छत्रीवाले सर, छत्री मांडीवर. हरकत कुणाची आहे, साहेबांनी विचारलं. आमच्या गल्लीने माना खाली घातल्या. दुकानात पंपावरून माझ्याशी तावातावाने बोलणारा बेकरीवाला छताकडे बघायला लागला. लोकांसमोर मला जमत नाही म्हणायचं कुणी?

पंडिता उठली. "माझी हरकत आहे," म्हणाली. "प्रबंध माझा आहे आणि तो चुकीचा आहे." आणि सगळं सांगितलं, मार्कांसकट. मी तिला लहानपणापासून ओळखते. चूक तिची आहे असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. खिडकीजवळच्या टेबलाची चूकसुद्धा टेबलाची होती.

साहेब म्हणाले, "अहो, पण कागद तर सगळे पाचच सांगतात. तुमच्या तोंडी बोलण्यावर पंप कसा ठेवू? एका तरी माणसाने वेगळं सांगितलं होतं का?"

"एकाने. माझ्या बहिणीने. ते उत्तर आम्ही काढून टाकलं."

"योग्य कारणाने काढलं," छत्रीवाले सर ताडकन म्हणाले. "बहिणी-बहिणींचं भांडण होतं. ते उत्तर पाण्याबद्दल नव्हतंच."

साहेबांनी मला उभं केलं. "बाई, ते एक-एक तुम्ही कशाला दिलेत? पाण्याला की बहिणीला?"

बघा आता. खरं सांगितलं तर सर खरे, कागद खरा, पंप गेला. आणि सर खरंच बोलत होते, हीच तर गंमत. तो एक त्या डागाला होता, जिन्यात ठेवलेल्या पेटीला होता, माझी झोप उडवणाऱ्या तिच्या वरच्या येरझाऱ्यांना होता. पंडिता माझ्याकडे बघत होती. तिला पक्कं ठाऊक होतं तो एक कुणाचा. तिने डोळ्यांनी खुणावलंसुद्धा नाही.

"पाण्याला," मी म्हटलं. "साहेब, पाणी आलं की मला काही जमत नाही. यंत्रं उचलता येत नाहीत, कपडे वाचवता येत नाहीत. आईला तर मी एकटीने पलंगावरूनही हलवू शकत नाही. एक जास्तच दिला मी."

खोटं बोलायला उठले होते. पण एवढं बोलल्यावर मी खाली बसले, कारण त्यात खोटं काहीच निघालं नाही.

पंप राहिला. कायमचा नाही, नव्याने पाहणी होईपर्यंत. प्रबंध परत आला, बक्षीस परत गेलं, पदवी अडकली. अधिकाऱ्याची नोकरी टॉवरात कागद नेणाऱ्या विद्यार्थ्याला मिळाली. छत्रीवाल्या सरांनी पंडितेवरून हात झटकले आणि तिच्या चुकीवर स्वतःच लेख लिहिला. त्याला बक्षीस मिळालं म्हणे. मिळणारच. पाऊस पडो की न पडो, त्यांची छत्री कोरडी.

कॉलेजातल्या दुसऱ्या एका बाईंनी पंडितेला हाताखाली घेतलं. पुन्हा तीच गल्ली, तेच प्रश्न. या वेळी दारात उभं राहूनच ती सांगायची, "हे माझे मार्क नाहीत. तुमचे हाल आहेत. खरे सांगा." चारचौघांत नाही, पण घरच्या दारात विचारलं तर लोक खरं सांगतात, असं दिसलं. बेकरीवाल्याने तीन म्हटलं, मग बायकोकडे बघून दोन म्हटलं. मास्तरांनी तिला आत बोलावलं, दार लावून घेतलं. मागच्या पाण्याच्या वेळी बायकोला पाठीवर घेऊन जिना चढायला गेले आणि अर्ध्यात बसले, दोघंही तिथेच, पाणी उतरेपर्यंत. "कुणाला बोललो नाही," ते म्हणाले. "विद्यार्थिनीला साडेचारच. विषयाला एक." पंडिता आली ती नाक पुसत आली. मला म्हणाली सर्दी झालीय. मी म्हटलं, असेल.

आमचं घर तिने शेवटी ठेवलं. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. मला विचारलं, मी उत्तरं दिली, भांडण न करता. मग ती आईसमोर स्टूल घेऊन बसली.

"पाच लिही," आई म्हणाली.

"आई, हे मार्क नाहीत. सांगितलं ना तुला."

"कळलंय मला. एवढी काही मी येडी नाही. पाणी आलं तर जमतं का, हेच ना? जमतं की. मागच्या वेळी नाही का चढले टेबलावर?"

पंडितेने पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. "कशी चढलीस?" तिने विचारलं.

हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. फोटो काढला होता, कौतुक झालं होतं, पडद्यावर दाखवून झालं होतं. गुडघे गेलेली बाई इस्त्रीच्या टेबलावर कशी चढली, हा प्रश्न इतक्या शहाण्या माणसांत कुणालाच पडला नव्हता. मलाही नाही.

आई गुडघे चोळायला लागली. "स्टूल सरकवलं. दोनदा पडले. पाणी होतं म्हणून लागलं नाही फार." मग हातातली चिठ्ठी उलटसुलट करत राहिली. "आधी हाका मारल्या होत्या मी. पुष्कळ मारल्या. मग घसाच बसला."

"कुणाला?" पंडिता म्हणाली.

"तुला गं. तू होतीस ना घरात."

पंडितेने हात कानांवर नेले, हेडफोन अजून तिथेच असल्यासारखे. आईचं लक्ष नव्हतं. ती दाराच्या उंबऱ्याकडे बघत होती, जिथून पाणी आत येतं.

"नाही जमत गं मला," ती म्हणाली. "एक लिही."

पंडितेला लिहिता येईना. मी हातातली इस्त्री उभी केली, तिच्याकडून पेन घेतलं आणि एकाभोवती गोल केला.